दहा दिवसांत ‘लाइफ इन द यूके’: अधिकृत हँडबुक किती कामाचं?

निकाल आधी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व हवं असेल तर द्याव्या लागणाऱ्या ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेचं अधिकृत हँडबुक रूक्ष आहे, त्याची मांडणी अभ्यासाच्या सोयीची नाही, आणि तरीही दहा-बारा दिवसांत परीक्षा द्यायची असेल तर पैसे आणि वेळ दोन्ही याच पुस्तकावर घालावेत. सरावाची ॲप, यूट्यूबवरचे धडे, कुणी पाठवलेली पीडीएफ हे सगळं जोडीला चालेल. पुस्तक न उघडता केवळ त्यांच्या भरवशावर बसलात तर पास होण्यापुरत्या १८ गुणांच्या अलीकडेच अडकण्याचा धोका मोठा आहे. तो का, हे पुढे येईल.

आधी परीक्षेचं स्वरूप. संगणकावर २४ प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला ७५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर हवीत. सहा चुका चालतात, सातवी चालत नाही. फी ५० पाउंड, आणि नापास झालात तर पुन्हा तेवढीच. दुसऱ्या प्रयत्नाआधी सात दिवस थांबावं लागतं, प्रयत्नांची संख्या मात्र कितीही. १८ पूर्ण ते ६४ या वयातल्या अर्जदारांसाठी ती आहे. ६५ पूर्ण झालेल्यांना ती लागत नाही, त्यामुळे भारतातून मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांच्या डोक्याला हा ताप नाही. आयएलआर म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी आणि नागरिकत्व, दोन्हींसाठी परीक्षा एकच. आयएलआरच्या वेळी पास झालेल्या माणसाने नागरिकत्वाच्या अर्जासाठी ती पुन्हा देऊ नये, कारण निकालाला मुदत नाही. इंग्रजीची अट मात्र निराळी असते. ही परीक्षा पास झाली म्हणून ती आपोआप पूर्ण होत नाही.

घाईची वेळ बहुतेकांवर येते ती अर्जाच्या मुदतीमुळे. वास्तव्याची ठरलेली वर्षं भरण्याच्या २८ दिवस आधीपासून आयएलआरचा अर्ज करता येतो, आणि तो भरायला बसलं की या परीक्षेचा संदर्भ क्रमांक मागितला जातो. निकाल कधीच जुना होत नसल्याने ही परीक्षा दोन वर्षं आधी उरकून टाकणं शहाणपणाचं. पण ते ज्यांनी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पुस्तक कसं आहे? गृहखात्यासाठी ‘द स्टेशनरी ऑफिस’ ते छापतं. तिसरी आवृत्ती २०१३ची, आणि २५ मार्च २०१३पासून सगळे प्रश्न याच आवृत्तीवर येतात. पानं १८०च्या घरात, प्रकरणं पाच: ब्रिटनची मूल्यं, ब्रिटन म्हणजे काय, इतिहास, आजचा समाज, आणि सरकार व कायदा. पहिली दोन प्रकरणं एका बैठकीत संपतात. तिसरं आणि चौथं मिळून पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतात, आणि कस लागतो तो तिथेच.

सगळ्यात मोठी जमेची बाजू ही की प्रश्न पुस्तकाबाहेर जात नाहीत. दहा दिवसांच्या अभ्यासाला इतकी स्पष्ट हद्द मिळणं ही फार मोलाची गोष्ट. प्रस्तावनेतली दोन वाक्यं तर पेन्सिलने अधोरेखित करून ठेवावीत. एक, लोकांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा लक्षात ठेवायची गरज नाही. पुस्तकभर नावापुढे कंसात दिलेली सालं पाहून छाती दडपते, त्यातला मोठा भार या एका वाक्याने उतरतो. दुसरं, प्रत्येक भागाच्या शेवटी जी ‘हे समजलं का तपासा’ अशी चौकट आहे, तेवढीच वाचून पास होता येणार नाही. घाईतले लोक नेमकं तेच करतात. चौकटीत फक्त विषयांची नावं असतात आणि प्रश्न येतात ते मजकुरातल्या बारीक तपशिलांवर. मागच्या बाजूला शब्दसूची आहे. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी, विशेषतः डिपेंडंट व्हिसावर आलेल्या जोडीदाराने, सुरुवात तिथूनच करावी. परीक्षा इंग्रजीत असते. वेल्समध्ये वेल्श आणि स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेचा पर्याय आहे, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. अर्थ मराठीत समजून घ्या, पण ‘डिव्हॉल्व्ह्ड’, ‘ज्युडिशिअरी’, ‘कॉन्स्टिट्यूअन्सी’ हे शब्द इंग्रजीतूनच डोळ्यांखालून गेलेले हवेत.

उणी बाजूही तितकीच ठळक आहे. डरहॅम विद्यापीठातले प्राध्यापक थॉम ब्रुक्स यांनी २०१३ मध्येच या परीक्षेचा अहवाल लिहून दाखवलं होतं की पुस्तकात सुमारे ३,००० तपशील आहेत आणि त्यांतले कित्येक रोजच्या जगण्यात कुठेच लागत नाहीत. २०२० मध्ये शंभराहून अधिक इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून गुलामगिरी आणि साम्राज्याबद्दलच्या मजकुरावर आक्षेप घेतला. २०२२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका समितीनेही परीक्षेवर कडक टीका केली. मराठी वाचकाला हे जाणवल्याशिवाय राहत नाही. आपल्या शाळेतल्या पुस्तकात ज्या साम्राज्यावर धडेच्या धडे असतात, ते इथे काही परिच्छेदांत आटोपतं, आणि सूर फार वेगळा असतो. मनात कितीही प्रश्न उठले तरी परीक्षेत उत्तर पुस्तकातलंच द्यायचं, हे आधीच मनाशी ठरवून टाका.

मांडणीतला मुख्य दोष असा की हजारो वर्षांचा इतिहास सलग गद्यात सांगितला आहे, आणि सालं परिच्छेदांच्या पोटात दडलेली आहेत. एकदा वाचून ती हाती लागत नाहीत. त्यामुळे सनावळी स्वतः काढावी लागते. यावर दोन तास खर्च करा, पुढचे आठ तास वाचतात.

सनावळीचे दोन भाग करा. १६००च्या आधीची सालं सरळ पाठ करायची, दुसरा मार्ग नाही: रोमन पहिल्यांदा आले इ.स.पूर्व ५५, जिंकले इ.स. ४३, गेले ४१०, हेस्टिंग्जची लढाई १०६६, मॅग्ना कार्टा म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद १२१५, बॅनकबर्नची लढाई १३१४, काळा मृत्यू म्हणजे प्लेगची साथ १३४८, अ‍ॅजिनकोर्टची लढाई १४१५, बॉसवर्थची लढाई आणि ट्यूडर घराण्याची सुरुवात १४८५, स्पॅनिश आरमाराचा पराभव १५८८. दहा सालं आहेत. आंघोळीच्या आरशावर कागद चिकटवला तरी तीन दिवसांत बसतात.

१६००नंतर मात्र महाराष्ट्रातल्या शाळेत इतिहास शिकलेल्या माणसाकडे एक आयतं भांडवल आहे. ही सालं आपल्याला आधीपासून पाठ आहेत, फक्त त्यांच्यापुढे लंडन लिहायचं राहिलेलं असतं. १६६० म्हणजे पावनखिंड. त्याच वर्षी दुसरा चार्ल्स हद्दपारीतून परतून गादीवर बसला. हा तोच चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना मुंबई हुंड्यात मिळाली. १६६५ म्हणजे पुरंदरचा तह. लंडनमध्ये मोठा प्लेग. १६६६, ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि सप्टेंबरमध्ये लंडन जळालं. प्लेग आधी की आग आधी, हा गोंधळ इथे कायमचा मिटतो, कारण पुरंदर आधी आणि आग्रा नंतर हे आपण झोपेतही सांगू. १६७९ मध्ये खांदेरीवरून मराठे आणि मुंबईचे इंग्रज समुद्रात झुंजत होते, आणि त्याच वर्षी तिकडे हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा, कायदा झाला. १६८९ हे संभाजीमहाराजांच्या बलिदानाचं वर्ष. त्याच वर्षीचं बिल ऑफ राइट्स, म्हणजे संसदेचे हक्क पक्के करणारा कायदा. १७०७ मध्ये औरंगजेब नगरला मेला आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या एकीकरणाचा कायदा लागू झाला. पहिला बाजीराव १७२० मध्ये पेशवा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, १७२१ मध्ये, रॉबर्ट वॉलपोल सत्तेवर आला. पुस्तक त्याला पहिला पंतप्रधान म्हणतं आणि १७४२पर्यंतचा काळ देतं.

पुढे १८०३. जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. पुस्तकात असई नाही. वॉटर्लू, ‘आयर्न ड्यूक’ हे टोपणनाव आणि तो नंतर पंतप्रधान झाला हे तिन्ही आहे. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. तेच साल पहिल्या रिफॉर्म ॲक्टचं, म्हणजे मताधिकार वाढवणाऱ्या कायद्याचं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी क्रायमियाचं युद्ध सुरू झालं, ते १८५६ला संपलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल याच युद्धात.

एका पानावर तीन रकाने आखा: साल, आपल्याकडचं, त्यांच्याकडचं. मधला रकाना परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण तिसरा रकाना त्याच्याच खुंटीला टांगून राहतो. कोऱ्या पाठांतराची सालं आठव्या दिवशी घसरू लागतात, ही घसरत नाहीत.

आता चुका नेमक्या कुठे होतात ते पाहू. प्रश्नांचे प्रकार चार आहेत. चारांतून एक निवडा. विधान बरोबर की चूक. दोन विधानांपैकी बरोबर कोणतं. आणि चारांतून दोन निवडा. गुण जातात ते या शेवटच्या प्रकारात. दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच गुण मिळतो, अर्धा मिळत नाही. आणि घाईत ‘दोन’ हा शब्द न वाचता एकावर क्लिक करून पुढे जाणारे कमी नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रत्येक प्रश्नाला जवळजवळ दोन मिनिटं मिळतात, वेळ पुरतो. घाई अभ्यासाच्या वेळी असते, परीक्षेच्या खोलीत ती करायचं कारण नाही.

दुसरी जागा म्हणजे जुळी नावं आणि जुळी सालं. बेव्हरिज, बेव्हन आणि बटलर ही तीन ‘ब’ची माणसं एकाच दशकातली. बेव्हरिजचा अहवाल १९४२चा, त्यातून कल्याणकारी राज्याची कल्पना आली. बटलरचा शिक्षण कायदा १९४४चा. एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा उभी केली बेव्हनने, १९४८ मध्ये, ॲटलीच्या मजूर पक्षाच्या सरकारात. पर्यायांत तिघेही शेजारी शेजारी आले की नुसतं ओळखीचं वाटणं उपयोगी पडत नाही. गुलामगिरीची दोन सालं आहेत: १८०७ मध्ये व्यापारावर बंदी, १८३३ मध्ये साम्राज्यभर गुलामगिरीच बंद. स्त्रियांच्या मताधिकाराचीही दोन: १९१८ मध्ये तिशीवरच्या स्त्रियांना, १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने २१व्या वर्षी. मतदानाचं वय १८ झालं ते १९६९ मध्ये. फ्लेमिंग पेनिसिलिनचा, बेअर्ड दूरचित्रवाणीचा, व्हिटल जेट इंजिनचा, वॉटसन-वॉट रडारचा. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द: घटस्फोट, शिरच्छेद, मृत्यू, घटस्फोट, शिरच्छेद, मागे उरली. दोघींची नावं ॲन आणि तिघींची कॅथरीन असल्याने केवळ नावावर विसंबता येत नाही.

भूगोलात एक जागा हमखास फसवते. चॅनल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅन हे युनायटेड किंगडमचा भाग नाहीत, ते क्राउन डिपेंडन्सी, म्हणजे राजाच्या अखत्यारीतले पण स्वतःचं सरकार असलेले प्रदेश आहेत. फॉकलंड आणि सेंट हेलेना हे आणखी निराळे, ते ओव्हरसीज टेरिटरी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले समुद्रापारचे प्रदेश. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये आहे, पण ग्रेट ब्रिटनमध्ये नाही. हे तीन थर एका कागदावर वर्तुळं काढून समजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

चौथं प्रकरण लोक हलकं समजतात. सण, खेळ, साहित्य, संगीत, फिरायच्या जागा असल्यामुळे कादंबरीसारखं वाचून टाकतात, आणि मग नावं आठवत नाहीत. इथे वाचताना प्रत्येक नावापुढे एक वस्तू लिहीत जा. संत चार, तारखा चार: डेव्हिड वेल्सचा, १ मार्च, पॅट्रिक उत्तर आयर्लंडचा, १७ मार्च, जॉर्ज इंग्लंडचा, २३ एप्रिल, अँड्र्यू स्कॉटलंडचा, ३० नोव्हेंबर. अधिकृत सुट्टी फक्त स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये, आणि विचारतात ते नेमकं हेच. फुलंही चार: इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं थिसल, वेल्सचं डॅफोडिल, उत्तर आयर्लंडचं शॅमरॉक. नॅशनल पार्क आणि इतर प्रेक्षणीय जागा, त्यांची नावं आणि त्या कुठे आहेत, हा भाग दोनदा वाचावा: स्नोडोनिया वेल्समध्ये, लॉक लोमंड स्कॉटलंडमध्ये, लेक डिस्ट्रिक्ट इंग्लंडमध्ये, जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, ईडन प्रोजेक्ट कॉर्नवॉलमध्ये. चारपैकी कोणत्या देशात काय, एवढं पक्कं असलं तरी दोन-तीन प्रश्न सुटतात.

या प्रकरणात आपल्याला फुकटचे गुणही आहेत. दिवाळी पाच दिवसांची आणि लेस्टरमध्ये मोठ्या प्रमाणावर साजरी होते, ॲशेस म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, क्रिकेटची कसोटी पाच दिवस चालू शकते, हे आपल्याला वाचायचीही गरज नाही. रुडयार्ड किपलिंगचा जन्म भारतात झाला असं पुस्तक सांगतं. तो मुंबईचा, जे.जे. कलाशाळेच्या आवारातला. १८१०च्या सुमारास लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढणारे शेख दीन महंमदही पुस्तकात आहेत. ब्रिटनमध्ये ‘शॅम्पू’ म्हणजे चंपी आणणारे तेच. बंगाल प्रांतात जन्मलेला माणूस, आयरिश बायको, लंडनमधलं पहिलं करी हाउस. हा परिच्छेद एकदा वाचला की डोक्यातून जात नाही.

पाचव्या प्रकरणात भारतीयांचा आत्मविश्वास थोडा नडतो. संसद, पंतप्रधान, सभापती, विरोधी पक्ष हे सगळं घरचं वाटतं, आणि मग जिथे फरक आहे तिथे चूक होते. ब्रिटनची राज्यघटना एका लिखित दस्तऐवजात नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सची आपण नकळत राज्यसभेशी बरोबरी करतो, पण राज्यसभेचे बहुतेक सदस्य आमदार निवडून देतात आणि लॉर्ड्समध्ये निवडणूकच नसते. १९५८पासून पंतप्रधान तहहयात पीअर, म्हणजे लॉर्ड्सचे आजीव सदस्य, सुचवू शकतात, आणि १९९९ मध्ये वंशपरंपरागत लॉर्ड्सचा सभागृहात बसण्याचा आपोआपचा हक्क गेला. ज्युरीत इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १२ माणसं, स्कॉटलंडमध्ये १५. फौजदारी आणि दिवाणी कायद्याची उदाहरणं पुस्तकात दोन याद्यांत दिली आहेत: शस्त्र बाळगणं, ड्रग्ज, वांशिक छळ, अल्पवयीनांना तंबाखू विकणं हे फौजदारी, घरभाडं, ग्राहक-हक्क, नोकरीतले वाद, कर्ज हे दिवाणी. ‘यांपैकी दोन दिवाणी कोणते’ अशा प्रश्नाला ही यादी थेट लागते. एक गोष्ट परीक्षेपलीकडेही कामाची आहे: कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांना भारतीय पासपोर्टवरच तिथल्या निवडणुकांत मतदान करता येतं. नाव नोंदवलं नसेल तर याच आठवड्यात नोंदवा, प्रश्नाचं उत्तरही पाठ होईल.

दहा दिवसांची विभागणी करताना रोज दोन तास धरावेत. पहिल्या दिवशी शब्दसूची आणि पहिली दोन प्रकरणं. पुढचे तीन दिवस इतिहास, रोज ठरावीक शतकांचा टप्पा न घेता लंडनच्या १६६५च्या प्लेगपर्यंत, वॉटर्लूपर्यंत आणि आजपर्यंत असे तीन तुकडे करून. वाचता वाचताच सनावळी लिहायची. पाचवा-सहावा दिवस चौथ्या प्रकरणाला, सातवा पाचव्याला. आठव्या-नवव्या दिवशी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून, पण या वेळी हातात पेन्सिल नको. तुमची टिपणं झाका, परिच्छेद वाचा आणि घरच्या कुणाला तरी मराठीत सांगा. सांगताना जिथे अडखळता तिथे खूण. दहावा दिवस त्या खुणांसाठी आणि पूर्ण वेळ लावून दिलेल्या दोन-तीन सराव परीक्षांसाठी. पाचच दिवस असतील तर तिसरं आणि पाचवं प्रकरण दोनदा, चौथं एकदा. पण कोणतंही प्रकरण गाळू नका, प्रश्न सगळीकडून येतात.

सराव परीक्षांबद्दल मत स्पष्ट आहे. त्या तापमापक आहेत, औषध नाहीत. याच प्रकाशकाचं सरावप्रश्नांचं पुस्तक विश्वासार्ह आहे, कारण उत्तरं हँडबुकशी जुळतात. फुकट संकेतस्थळांवर तेच दोन-तीनशे प्रश्न फिरून येतात. चौथ्या वेळी २३ गुण पडतात ते प्रश्न ओळखीचा झाल्यामुळे, आणि खऱ्या परीक्षेत त्याच तपशिलावर वेगळ्या शब्दांत विचारलं की हात थांबतो. सुरुवातीला म्हटलेला धोका तो हाच. नव्या, पूर्वी न पाहिलेल्या तीन सराव परीक्षांत सलग २१च्या वर गुण आले तर निर्धास्त जा. १८-१९वर घुटमळत असाल तर तारीख पुढे ढकला.

पुस्तक विकत घेताना छपाईचं वर्ष पाहा. कुणाकडून मिळालेली जुनी प्रत हा या अभ्यासातला सगळ्यात महाग पडणारा काटकसरीचा प्रयोग आहे. सुरुवातीच्या छपाईत एलिझाबेथ राणी गादीवर आहे आणि ब्रिटन युरोपीय संघात आहे. प्रत्यक्षात ब्रिटन २०२० मध्ये संघाबाहेर पडलं आणि २०२२पासून तिसरा चार्ल्स राजा आहे. २०१३च्या आधीची दुसरी आवृत्ती तर पूर्ण निराळी आहे, ती हाती आली तर रद्दीत घाला. ५० पाउंडांच्या फीपुढे नव्या पुस्तकाची किंमत किरकोळ आहे.

नोंदणी पहिल्याच दिवशी करावी. ती फक्त सरकारी संकेतस्थळावर होते, किमान तीन दिवस आधी करावी लागते, आणि तिशीहून अधिक केंद्रांपैकी जवळच्या केंद्रात हवा तो स्लॉट मिळेलच असं नाही. तारीख हातात असली की अभ्यासाला धार येते, आणि ७२ तास आधीपर्यंत रद्द केली तर पैसे परत मिळतात. मध्ये एखादं संकेतस्थळ जास्त पैसे घेऊन नोंदणी करून देतो म्हणालं तर तिथून निघा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यात मराठी माणसं खास अडकतात: नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग. भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकदा पहिले दोन्ही एकत्र छापलेले असतात. नोंदणी करताना सवयीने फक्त पहिलं नाव टाकलं, किंवा मधलं नाव आद्याक्षरात लिहिलं, की पासपोर्टशी जुळत नाही. लग्नानंतर आडनाव बदलून पासपोर्ट जुन्याच नावावर ठेवलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हेच होतं. नियम सोपा आहे: ज्या ओळखपत्रावर नोंदणी कराल तेच केंद्रावर न्यायचं, आणि त्यावर जसं छापलंय अक्षरशः तसंच नाव भरायचं. जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही परत मिळत नाही. नोंदणीच्या वेळी पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर टंका, मग दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या.

केंद्रावर तुमचा फोटो काढतात. सोबत आलेल्यांना, लहान मुलांना आत सोडत नाहीत, त्यामुळे मुलाला सांभाळायची सोय आधीच करा. पास झालात की एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि आयएलआरच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात तोच भरायचा असतो. २०१९च्या डिसेंबरच्या आधी पास झालेल्यांना शिक्क्याचं पत्र मिळत असे; घरात ते असेल तर जपून ठेवा. नव्या लोकांनी क्रमांकाचा फोटो काढून ईमेलवर स्वतःलाच पाठवावा, कारण आयएलआर आणि नागरिकत्व यांच्यात वर्षभराचं किंवा त्याहून मोठं अंतर असतं, आणि तोच आकडा दुसऱ्यांदा शोधावा लागतो.